अमेरिकेतील प्रांतोप्रांतीचे खाणे आणि खेळ भारतातल्या मित्रांपर्यंत कसे पोहोचवावे?

वारणाकाठ (ॲपलटन, विस्कॉन्सिन)

अमेरिकेचे खाणे म्हणून जे काही भारतात पोहोचले आहे, ते बहुतेक मोठ्या साखळी उपाहारगृहांनी आणलेले आहे आणि अशा उपाहारगृहांतला पदार्थ कोणत्याच एका गावाचा नसतो. त्यामुळे सांगली-मिरजेतल्या माझ्या मित्रमैत्रिणींची अशी समजूत झाली आहे, की या देशाला बर्गर आणि तळलेला बटाटा यांपलीकडे स्वतःची चव नाही. ही समजूत दूर व्हावी असे मला मनापासून वाटते. त्यासाठी मी काय करते ते मांडावे आणि इतर राज्यांतल्या मराठी मंडळींचे अनुभव विचारावेत, म्हणून हा धागा सुरू करत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की इथले प्रादेशिक खाणे खेळापासून तोडून सांगता येत नाही. ते कोणत्या ऋतूत, कोणत्या मैदानाबाहेर आणि कोणाबरोबर खाल्ले जाते हे कळले, तरच त्याची गोडी कळते.

आमच्याच भागाचे उदाहरण घेते. येथून अर्ध्या तासावर ग्रीन बे हे सुमारे १ लाख ७ हजार वस्तीचे शहर आहे आणि त्या शहराचा पॅकर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ १९१९ साली स्थापन झाला. कर्ली लॅम्बो हा तरुण तेव्हा इंडियन पॅकिंग कंपनी या मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात नोकरीला होता. कारखान्याने गणवेशासाठी पैसे दिले आणि संघाचे नाव कारखान्यावरून पडले. १९५७ साली उघडलेल्या आणि आज लॅम्बो फील्ड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मैदानात ८१ हजारांच्या आसपास प्रेक्षक बसतात, म्हणजे शहराच्या तीन-चतुर्थांश वस्तीइतके. हंगामी तिकिटांच्या प्रतीक्षायादीत लाखाहून अधिक नावे आहेत आणि काही घरांत मूल जन्मताच त्याचे नाव यादीत घातले जाते. ३१ डिसेंबर १९६७ रोजी येथे डॅलसविरुद्ध झालेला अंतिम सामना उणे २५ अंश सेल्सियस तापमानात खेळला गेला. पंचांच्या शिट्ट्या गोठल्यामुळे उरलेला सामना त्यांनी तोंडी आवाजावर चालवला. पॅकर्सनी तो २१–१७ असा जिंकला आणि आजही घराघरांत त्याची आठवण काढली जाते.

अशा थंडीत माणसे सामन्याच्या कितीतरी तास आधी वाहनतळावर येतात, गाडीचा मागचा दरवाजा उघडून कोळशाची शेगडी मांडतात आणि तेथेच रांधून शेजारच्या गाडीवाल्यालाही वाढतात. या टेलगेटिंगमध्ये आमच्याकडे मुख्य पदार्थ असतो तो ब्राट, म्हणजे एकोणिसाव्या शतकात येथे आलेल्या जर्मन लोकांनी आणलेला डुकराच्या मांसाचा सॉसेज. जवळच्या शेबॉयगन गावात तो मंद निखाऱ्यावर भाजून, बाहेरून कडक आणि आतून मऊ अशा गोल पावात, मोहरी, कच्चा कांदा व लोणच्याच्या काकडीबरोबर खातात. इतरत्र तो आधी बिअर आणि कांद्यात उकळण्याची पद्धत आहे. आधी उकळावे की नुसते भाजावे, यावर येथे गंभीरपणे वाद होतात. माझे मत शेबॉयगनच्या बाजूचे आहे, कारण उकळल्यावर मांसाचा रस पाण्यात उतरतो.

त्याच्या जोडीला चीज कर्ड असतात. चेडर बनवताना दही फाडून जे तुकडे तयार होतात, ते साच्यात दाबण्याआधीच विकले जातात. त्यांच्यातील प्रथिने आणि कॅल्शियम यांचे जाळे ताजे असताना इतके लवचिक असते, की चावताना दातांवर घासून बारीक आवाज होतो. एक-दोन दिवसांत ते जाळे सैल पडते आणि आवाज बंद होतो. म्हणून सकाळी बनलेले कर्ड त्याच दिवशी खाण्यासाठी लोक चीजच्या कारखान्याच्या दारात रांग लावतात. हा पदार्थ सांगलीला पाठवण्यात काही अर्थ नाही हे उघड आहे. पिठात घोळून तळलेले कर्ड मात्र तेथे जमतात. माझ्या मैत्रिणी त्यासाठी मोझरेला वापरतात, कारण आम्लाने फाडलेले पनीर तळले तरी वितळत नाही आणि या पदार्थाची खरी गंमत आतून वितळलेल्या चीजमध्ये आहे.

शुक्रवारच्या मासळीची प्रथाही सांगण्यासारखी आहे. जर्मन आणि पोलिश कॅथलिक लोक शुक्रवारी मांस खात नसत, तळ्यांत पर्च आणि वॉलआय मुबलक होते, आणि १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात गुत्त्यांच्या मालकांनी गिऱ्हाईक टिकवण्यासाठी तळलेली मासळी स्वस्तात द्यायला सुरुवात केली. आज धर्म कोणताही असो, शुक्रवारी संध्याकाळी तळलेली मासळी, राय या धान्याचा पाव, कोबीची कोशिंबीर आणि बटाट्याची धिरडी खायला सगळे गाव बाहेर पडते. ग्रीन बेच्या आसपास बेल्जियमहून आलेल्या लोकांचा बूया नावाचा दाट रस्साही प्रसिद्ध आहे. तो मोठमोठ्या कढयांत रात्रभर शिजवून चर्चच्या मदतीसाठी विकला जातो.

आता प्रत्यक्ष पोहोचवण्याविषयी लिहिते. येथे हिवाळी वेळ सुरू झाल्यावर दुपारी १२ चा सामना भारतात रात्री साडेअकराला सुरू होतो आणि नोव्हेंबरपूर्वी साडेदहाला. सांगलीतली मंडळी एका घरी जमतात, मी येथून व्हिडिओ कॉलवर असते आणि पहिल्या सत्रात खेळाचे नियम समजावून सांगते. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे हा एक नियम कळला, की क्रिकेट जाणणाऱ्या माणसाला बाकीची आखणी लवकर उमगते. येथून पाठवण्याजोगी वस्तू म्हणजे सुकवलेली क्रॅनबेरी. ती विस्कॉन्सिनमध्ये देशाच्या निम्म्याहून अधिक पिकते, प्रवासात टिकते आणि चिवड्यात उत्तम लागते.

इतर राज्यांतल्या सभासदांनी आपापल्या भागाचे लिहावे, अशी विनंती आहे.

बकुळ (पुणे)

लेख आवडला. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली अशी, की आमच्या गटात निम्मे लोक शाकाहारी आहेत आणि त्यांना चीजमधील रेनेटची, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याची, शंका असते. त्याचे तेथे काय? दुसरी अशी, की पॅकर्स संघाला मालक नाही असे मी ऐकले आहे, ते कसे शक्य आहे? आणि तिसरी थोडी स्पष्टपणे विचारते: ज्या पदार्थांना आमच्या घरांत स्थान नाही, त्यांचे वर्णन आम्हाला कशासाठी सांगायचे? जे करून पाहता येईल तेवढेच सांगितले, तर ते अधिक उपयोगाचे होणार नाही का?

वारणाकाठ (ॲपलटन, विस्कॉन्सिन)

रेनेटविषयी सांगायचे तर, पूर्वी ते वासराच्या जठरातून काढत. १९९० साली सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने तयार केलेल्या कायमोसिनला (रेनेटमधील दूध गोठवणाऱ्या मुख्य घटकाला) अमेरिकेत परवानगी मिळाली आणि आता येथील बहुतेक चीज त्यानेच बनते. तरीही वेष्टन वाचून घेणे बरे, कारण काही जुन्या पद्धतीचे चीज अजून प्राणिज रेनेटनेच करतात.

संघाच्या मालकीविषयी सांगते. पॅकर्स ही १९२३ पासून भागधारकांच्या मालकीची, नफा न वाटणारी संस्था आहे आणि आज तिचे ५ लाखांहून अधिक भागधारक आहेत. वारणेच्या खोऱ्यातल्या माणसाला सहकारी साखर कारखान्यावरून ही रचना चटकन समजते, मात्र फरकही मोठा आहे. कारखान्याच्या सभासदाला उसाचा भाव आणि साखर मिळते. पॅकर्सच्या भागधारकाला लाभांश मिळत नाही, भाग बाजारात विकून नफा करता येत नाही, आणि तिकिटावरही हक्क सांगता येत नाही. त्याला मिळतो तो मतदानाचा अधिकार आणि वार्षिक सभेत बसण्याचा मान. असे असूनही २०२१ साली ३०० डॉलरचा एक याप्रमाणे भाग विक्रीला निघाले, तेव्हा लोकांनी ते आनंदाने घेतले आणि तो पैसा मैदानाच्या कामाला लागला. अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या आजच्या नियमांत अशी मालकी बसत नाही. पॅकर्सची रचना नियमांच्या आधीची असल्यामुळेच ती चालू राहिली आहे. इतके लहान शहर इतका मोठा संघ कसा सांभाळते, याचे उत्तर या रचनेत आहे.

तिसऱ्या प्रश्नावर इतरांची मते ऐकायला मला आवडेल.

शेवगा (बॅटन रूज, लुईझियाना)

मूळचा नाशिकचा मी, आणि येथे आल्यावर गंबो या दाट रश्श्याच्या भांड्यात भेंडी पाहून मला जो आनंद झाला, तो अजून ओसरलेला नाही. गंबोमध्ये भेंडी आली ती पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांबरोबर. रस्सा दाट करण्यासाठी सॅसफ्रासच्या पानांची पूड घालायला चॉक्टॉ या मूळ निवासी जमातीने शिकवले. आणि तेलात पीठ परतण्याची पद्धत फ्रेंचांची. त्या परतलेल्या पिठाला रू म्हणतात. येथे ते हलका बदामी रंग आल्यावर थांबवत नाहीत. मंद आचेवर सतत ढवळत जवळजवळ चॉकलेटच्या रंगापर्यंत नेतात, आणि क्षणभर हात थांबला तर ते करपते. मग कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची हे त्रिकूट त्यात पडते. चवीचा पाया येथेच तयार होतो. कोळंबी, कोंबडी किंवा सॉसेज नंतर येतात.

लुईझियाना स्टेट विद्यापीठाच्या टायगर स्टेडियममध्ये १ लाख २ हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात, आणि रात्रीचा सामना ही या विद्यापीठाची परंपरा आहे. ८ ऑक्टोबर १९८८ रोजी ऑबर्नविरुद्ध सामना संपायला पावणेदोन मिनिटे उरली असताना यजमान संघाने जो गुण मिळवला, त्यावेळच्या जल्लोषाची नोंद विद्यापीठाच्याच भूकंपमापकावर झाली. ७–६ असा जिंकलेला तो सामना आजही भूकंपाचा सामना म्हणून ओळखला जातो. वाहनतळावर शनिवारी सकाळपासून जे शिजते, त्याची बरोबरी देशात कोठेही होत नाही असे माझे ठाम मत आहे. फ्लोरिडाचा संघ येणार असला, की त्यांच्या चिन्हावरून मगरीचे मांस रांधण्याची पद्धत आहे.

वसंतात क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले छोट्या शेवंडासारखे जीव, येतात. त्यांची शेती भाताच्या खाचरांत होते, हे कोकणातल्या आणि इगतपुरीच्या शेतकऱ्यांना मी आवर्जून सांगतो. उन्हाळ्यात भात लावायचा, शरदात खाचरे पुन्हा पाण्याने भरायची, आणि भाताच्या खुंटांवर व कुजणाऱ्या पेंढ्यावर वाढलेले क्रॉफिश हिवाळ्याच्या अखेरीपासून पिंजऱ्यांनी काढायचे. मग अंगणात मोठ्या पातेल्यात तिखट मसाला, बटाटे, मक्याची कणसे आणि लसूण यांबरोबर ते उकडून थेट कागद अंथरलेल्या टेबलावर ओततात आणि सगळे उभ्याने खातात.

बकुळताईंच्या शाकाहारी गटासाठी माझी सूचना आहे ती गंबो झेर्ब या पालेभाज्यांच्या गंबोची. ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी न्यू ऑर्लिन्समध्ये तो करतात. डूकी चेज या उपाहारगृहाच्या लिआ चेज यांनी तो देशभर नावारूपाला आणला. त्यात पुष्कळ ठिकाणी मांसही घालतात, परंतु नुसत्या भाज्यांचाही उत्तम होतो. जितक्या प्रकारच्या पालेभाज्या घालाल, तितके नवे मित्र त्या वर्षी मिळतील, अशी तेथे समजूत आहे. नाशिकच्या माझ्या मित्रांनी मेथी, माठ, मुळ्याचा पाला, चाकवत आणि पालक घालून तो केला. रू मात्र त्यांनी पिठल्यासाठी पीठ परततात तितकेच परतले होते; ते आणखी बराच वेळ गडद करावे, असे मी त्यांना कळवले आणि दुसऱ्या वेळी चव नेमकी साधली.

खाडीपलीकडे (बाल्टिमोर, मेरीलँड)

मालवणच्या माणसाने खेकड्यांच्या राज्यात येऊन राहावे, हे माझे भाग्य आहे. चेसापीक उपसागरातील निळा खेकडा येथे उकळत नाहीत, वाफवतात. पातेल्यात थोडे पाणी, व्हिनेगर आणि बहुधा बिअर घालून, वरच्या जाळीवर खेकडे रचून, प्रत्येक थरावर ओल्ड बे मसाला सढळ हाताने भुरभुरवतात. मग टेबलावर कागद पसरून लाकडी हातोडीने कवच फोडत तासन् तास गप्पा मारायच्या. हा मसाला गुस्ताव ब्रून या ज्यू मसाले व्यापाऱ्याने बनवला. नाझींच्या छळछावणीतून सुटून तो १९३९ साली मसाले दळण्याचे यंत्र बरोबर घेऊन बाल्टिमोरला आला होता. म्हणजे ज्याला आज मेरीलँडची ओळख मानतात, ती चव एका निर्वासिताने दिलेली आहे, आणि हे मी प्रत्येक मित्राला सांगतो.

ओल्ड बेचा डबा कोरडा असल्यामुळे तो मालवणला नेता येतो. मालवणात तो आमच्या खाडीच्या कुर्ल्यांवर वापरून पाहिला, तेव्हा घरच्या मोठ्या मंडळींनी वाटणाशिवाय कुर्ली म्हणजे अर्धवट काम असा निवाडा दिला, आणि तरुणांना मात्र खेकड्याची मूळ गोडी पहिल्यांदा जाणवली असे ते म्हणाले. मला दोन्ही मते मान्य आहेत. आणखी एक गोष्ट कोकणातल्या मच्छीमार मित्रांना फार महत्त्वाची वाटली: मेरीलँडच्या हद्दीतल्या उपसागरात हौशी माणसाला मादी खेकडा ठेवण्याची परवानगी नाही, आणि नरालाही ठरावीक आकाराखाली सोडून द्यावे लागते. उपसागरातील खेकड्यांची संख्या घटल्याचा अनुभव घेतल्यावर हे नियम कडक झाले आहेत.

खेळाविषयी लिहायचे तर, मेरीलँडचा अधिकृत राज्यखेळ १९६२ पासून घोड्यावरून भाल्याने टांगलेली कडी उचलण्याचा आहे आणि २००४ साली लॅक्रॉसला, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याच्या खेळाला, राज्याचा सांघिक खेळ म्हणून मान्यता मिळाली. वसंत ऋतूत येथील शाळांच्या मैदानांवर जिकडेतिकडे जाळीच्या काठ्या दिसतात. लॅक्रॉस हा या भूमीवरच्या मूळ निवासींचा खेळ आहे. होडेनोशोनी लोक त्याला निर्मात्याने दिलेला खेळ मानतात आणि त्यांचा स्वतःचा राष्ट्रीय संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खेळतो. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस आणि क्रिकेट हे दोन्ही खेळ परत येत आहेत. भारतातल्या मित्रांशी या खेळाविषयी बोलणे सुरू करायला याहून चांगले निमित्त मिळणार नाही.

उत्तररात्र (लुईव्हिल, केंटकी)

आमच्या शहरातील केंटकी डर्बी मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी होते आणि १८७५ पासून ती अखंड चालू आहे. तीन वर्षे वयाचे घोडे सव्वा मैलाचे अंतर धावतात. शर्यत दोन मिनिटांत संपते, परंतु तिच्यासाठी शहर पंधरवडाभर सजलेले असते. भारतात तेव्हा रविवारची पहाट असते, साडेचारच्या सुमारास. महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सची आवड असलेले माझे दोन मित्र त्यासाठी उठतात.

खाण्यापिण्याचे मी थोडक्यात लिहितो. बर्बन ही व्हिस्की, साखर, पुदिना आणि कुटलेला बर्फ यांचे मिंट जुलेप हे डर्बीचे पेय आहे. दारू न घेणाऱ्यांनी पुदिना-साखरेच्या पाकात लिंबू आणि सोडा घातला, तरी उन्हाळ्यात ते फार छान लागते. ब्राउन हॉटेलमध्ये १९२६ साली निघालेले हॉट ब्राउन, म्हणजे टर्कीच्या मांसावर चीजचा दाट सॉस ओतून भाजलेला पाव, हेही प्रसिद्ध आहे. मात्र मराठी माणसाला खरे जवळचे वाटेल ते राज्याच्या पश्चिम भागातील ओवेन्सबरो गावचे मेंढीच्या मटणाचे बार्बेक्यू. अमेरिकेत मटण सहसा खात नाहीत, परंतु या भागात पूर्वी मेंढपाळी मोठ्या प्रमाणावर होती. म्हाताऱ्या मेंढीचे निबर मांस मऊ करण्यासाठी ते हिकरीच्या लाकडावर तासन् तास भाजण्याची आणि वरून व्हिनेगरचे काळे पाणी शिंपडत राहण्याची रीत तेथे रुजली. त्याच मटणाचा बर्गू नावाचा रस्सा डर्बीच्या दिवशीही असतो.

मला या धाग्यावर एक आग्रहाची गोष्ट मांडायची आहे. मित्रांना परंपरा सांगताना फक्त टोप्या, गुलाब आणि पेये सांगू नयेत. पहिल्या डर्बीतील १५ जॉकींपैकी १३ कृष्णवर्णीय होते आणि विजेत्या ॲरिस्टायडीस घोड्यावर ऑलिव्हर लुईस हा कृष्णवर्णीय तरुण होता. आयझॅक मर्फीने १८८४, १८९० आणि १८९१ अशी तीनदा ही शर्यत जिंकली. जिमी विंकफील्डने १९०१ आणि १९०२ साली जिंकली, आणि त्यानंतर आजतागायत एकाही कृष्णवर्णीय जॉकीने ती जिंकलेली नाही, कारण वर्णभेदाच्या काळात त्यांना घोडे मिळेनासे झाले आणि रेसकोर्सवरून पद्धतशीरपणे बाहेर काढले गेले. ही माणसे वगळून सांगितलेली डर्बी अपुरी आहे.

माळरान (डॅलस परिसर, टेक्सस)

बकुळताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण टेक्ससमध्ये तो रोजचाच आहे. मध्य टेक्ससचे बार्बेक्यू म्हणजे मुख्यतः गाईच्या छातीचे मांस (ब्रिस्केट), बारा-चौदा तास ओकच्या धुरावर ठेवलेले. जर्मन आणि चेक खाटकांनी उरलेले मांस टिकवण्यासाठी धुरावणे सुरू केले, त्यातून ही कला वाढली. आमच्या घरात गोमांस खात नाहीत. तरीही मी शेजाऱ्याच्या भट्टीजवळ रात्र जागवली आहे, आच कशी राखतात आणि लाकूड कसे निवडतात ते शिकलो आहे, आणि ते सगळे लातूरच्या मित्रांना सविस्तर सांगितले आहे. जे आपण खात नाही, त्यामागची मेहनत आणि ज्ञान समजून घेण्याने आपल्या नियमांना बाध येत नाही. उलट शेजाऱ्याविषयीचा आदर वाढतो. लातूरच्या मित्रांनी हीच मंद धुराची पद्धत बोकडाच्या मांडीला बाभळीच्या लाकडावर लावून पाहिली आणि त्यांना ती पसंत पडली. टेक्ससची चिलीही (मिरची घातलेला मांसाचा दाट रस्सा), जिच्यात येथील कट्टर मंडळी घेवडा घालू देत नाहीत आणि जी १९७७ पासून राज्याचा अधिकृत पदार्थ आहे, बोकडाच्या मटणाची उत्तम होते.

खेळात येथे शुक्रवारची रात्र शाळकरी फुटबॉलची. लहान गावांत त्या संध्याकाळी दुकाने लवकर बंद होतात, शाळेचे बँडपथक उतरते आणि आजी-आजोबांसकट सगळे मैदानात असतात. वर्षातून एकदा माजी विद्यार्थी परततात, त्या होमकमिंगच्या दिवशी मुली शेवंतीच्या मोठ्या फुलाला रिबिनी, घंटा आणि छोटी अस्वले लावून ते छातीवर मिरवतात. पूर्वी फूल खरे असे, आता रेशमाचे असते आणि त्याच्या रिबिनी पायांपर्यंत लोंबतात. माझ्या मुलीचे ते फूल पाहून लातूरच्या तिच्या मावशीने गजऱ्याचा व्यवसाय करणाऱ्या ओळखीच्या बाईंना छायाचित्रे दाखवली आणि पुढच्या वर्षीसाठी खऱ्या शेवंतीचा नमुना बांधून घेतला.

आणि ग्रँड प्रेरीचे क्रिकेट मैदान सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ते आधी बेसबॉलचे मैदान होते. तेथे ६ जून २०२४ रोजी टी-२० विश्वचषकात अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवले, आणि ते निर्णायक षटक मुंबईत क्रिकेट शिकलेल्या सौरभ नेत्रावळकर या अभियंत्याने टाकले. त्या दिवसापासून लातूरचे मित्र टेक्ससच्या खेळांविषयी स्वतःहून विचारू लागले आहेत.

बकुळ (पुणे)

माळरान, तुमचे म्हणणे मला पटले. पदार्थ न खाताही त्यामागची रीत जाणून घेता येते, हे मान्य करते. ब्रिस्केटच्या आचेविषयी तुम्ही स्वतंत्र धागा काढलात तर मी नक्की वाचेन.

जोंधळा (सोलापूर)

मी या देवघेवीच्या घेणाऱ्या बाजूचा आहे, म्हणून थोडे लिहितो. माझा शाळेतला मित्र इंडियानापोलिसला असतो आणि मे महिन्याच्या अखेरीस एका रविवारी आम्ही दोघे मिळून इंडियानापोलिस ५०० ही मोटारींची शर्यत पाहतो; सोलापुरात ती रात्री सव्वादहाच्या सुमारास सुरू होते. ३३ गाड्या, अडीच मैलांच्या मार्गाच्या २०० फेऱ्या, म्हणजे ५०० मैल, हे गणित माझ्या मुलांना तोंडपाठ आहे. विजेता चालक तेथे दूध पितो. लुईस मेयर या चालकाने १९३६ साली जिंकल्यावर ताक मागितले होते, कारण उन्हात ताक प्यावे असे त्याच्या आईने त्याला सांगितले होते. वर्तमानपत्रातील ते छायाचित्र पाहून दुग्धव्यवसायातील मंडळींनी दुधाची प्रथा रुजवली आणि १९५६ पासून ती सलग चालू आहे. शर्यतीपूर्वी प्रत्येक चालकाला कोणते दूध हवे ते विचारून ठेवतात. १९९३ साली एमर्सन फिटिपाल्डीने आधी संत्र्याचा रस घेतला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याच्याविरुद्ध आवाज उठवला. सोलापूरच्या मे महिन्यात आम्ही अर्थातच मेयरची मूळ पद्धत पाळतो आणि ताकच पितो.

परदेशातल्या मित्रांना माझी एक विनंती आहे. चॉकलेटांचे डबे पाठवण्यापेक्षा शर्यतीची वेळ कळवावी, त्या दिवशी तुमच्या घरात काय शिजते त्याची कृती आधी द्यावी आणि आमच्याबरोबर तासभर बसावे.

वारणाकाठ (ॲपलटन, विस्कॉन्सिन)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तररात्र यांचा आग्रह मी माझ्या भागालाही लावून पाहिला. ग्रीन बेला लागूनच ओनायडा राष्ट्राची भूमी आहे. खाडीपलीकडे यांनी ज्यांचा उल्लेख केला, त्या होडेनोशोनींच्या सहा राष्ट्रांपैकी ओनायडा हे एक. त्यांना न्यूयॉर्कमधील आपली जमीन गमवावी लागली आणि १८२० च्या दशकात त्यांतले बरेच जण येथे येऊन वसले. लॅम्बो फील्डच्या एका प्रवेशद्वाराला आज ओनायडांचे नाव आहे, आणि हजारो लोक त्यामागची हकीकत न विचारता त्यातून आत जातात.

त्यांचा पांढरा मका आणि त्या मक्याचे सूप हे या परिसराचे ब्राटहून कितीतरी जुन्या परंपरेचे अन्न आहे. कणसे सालांसकट वेणीसारखी गुंफून वाळवतात. दाणे कठीण लाकडाच्या राखेच्या पाण्यात उकळतात, म्हणजे टरफल सुटते आणि दाण्यातील जीवनसत्त्व शरीराला मिळण्याजोगे होते. मग ते अनेकदा स्वच्छ धुऊन घेवड्याबरोबर तास-दोन तास शिजवतात. बहुतेक घरांत त्यात डुकराचे खारवलेले मांस घालतात, पण ते वगळले तरी सूप पोटभरीचे होते, त्यामुळे बकुळताईंच्या गटालाही चालेल. राखेऐवजी खाण्याचा चुना वापरता येतो. वाटीभर दाण्यांना छोटा अर्धा चमचा पुरतो आणि धुताना पाण्याचा पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत थांबू नये. सांगलीच्या बाजारात पांढरा मका मिळतो, असे मैत्रिणीने कळवले आहे. डिसेंबरमधल्या दुपारच्या सामन्यासाठी यंदा तेच ठरले आहे. दाणे आदल्या रात्री भिजत घालावेत.